टिकाऊ

अर्ज आठ पानी. ओरोसहून आणला,
येताना एस्टीत मांडीवर ठेवून वाचला.
पहिल्या पानावर नाव : डॉ. शलाका कुबल.
पुढं दोन शब्द, मध्ये तिरकी रेघ,
वैद्य / पुरवठादार,
लागू नसेल ते खोडावे.
मी काहीच खोडलं नाही. पान उलटलं.

जागेचं क्षेत्रफळ.
दवाखान्यामागं बाबांची जाळ्यांची खोली आहे,
भिंती दमट, फळीला अजून सुक्या बांगड्याचा वास.
टेपचं दुसरं टोक लवूनं धरलं,
माझ्याकडं कंपाउंडर, तेवीस वर्षं.
एकशे चौदा चौरस फूट.
घडीच्या चार खुर्च्या, सहा वॉकर,
प्राणवायूचं एक यंत्र मावेल,
दार उघडं राहिलं तर दोन.

मालाचा प्रकार : टिकाऊ.
तळटीप सांगते, टिकाऊ म्हणजे
किमान पाच वर्षं वापरात राहील असा.
लवू हसला.
देवगडच्या बंदरावर खिळा पाच वर्षं काढत नाही,
सायकलची घंटी आधी मुकी होते,
मग एक दिवस हातात येते.

गेल्या आषाढात बाबल तारींना
चिठ्ठीवर यंत्र लिहून दिलं.
लिहायला अर्धं मिनिट.
कोल्हापूरचा दुकानदार म्हणाला, पैसे पाठवा, गाडी निघतेच आहे.
करूळ घाटात दरड, म्हणून फोंड्यातून,
मग कणकवलीला खोका भलत्याच टपरीवर उतरला.
यंत्र पोचलं ते दहाव्याला.
द्रौपदीबाईंनी पावतीवर अंगठा दिला,
'माल सुस्थितीत मिळाला' या ओळीखाली,
आणि टेम्पोवाल्याला चहा विचारला.

म्हणून हा अर्ज.
कारणासाठी त्यात रकाना नाही.

अनामत भरली. फलकाचा फोटो जोडला,
रंग ओला असतानाच काढलेला.
हिराबाई कोयंडे फलकाखाली थांबल्या,
लवूकडून तो वाचून घेतला.
आत आल्या, गुडघा पुढं केला,
मी 'वॉकर' लिहीपर्यंत गप्प. मग म्हणाल्या,
"तूच लिवतलस, तूच इकतलस.
मगे माका व्हया काय नको, ता मी कोणाक इचारू?"

राग नव्हता त्यात. भाव विचारावा तसं विचारलं.
बाबा लिलावात बाजूला उभे राहायचे,
मासळी त्यांची, बोली दुसऱ्याच्या तोंडून.
आपल्या टोपलीचा भाव आपण पुकारायचा नाही,
हे मला एमबीबीएसच्या कितीतरी आधीपासून माहीत.

चिठ्ठी घडी करून त्यांच्या हातात दिली.
पडेलच्या डॉक्टर मुजावरांना दाखवा म्हटलं,
ते हो म्हणाले तर या.
पडेल किती लांब, आणि गुडघा तोच.
गेल्या की नाही ठाऊक नाही.
या आठवड्यात तरी आल्या नाहीत.

रकाना अकरा : शिफारस करणारा व पुरवठादार
यांचे परस्परांशी नाते.
तीन दिवस कोरा होता.
लवू म्हणाला, 'नाही' लिहा, सगळे तेच लिहितात.
मी लिहिलं, एकाच खुर्चीत बसतात.

मंजुरी यायची आहे. दरम्यान
दवाखान्याचा जुना, उसना दिलेला वॉकर परत आला,
मिठमुंबरीहून, सून डोक्यावर घेऊन आली.
धुऊन आणला होता. म्हणाली, आता नको.
मी साठ्याची नवी वही उघडली,
पहिलीच नोंद : परत. स्थिती :
आणि तो उलटा करून पाय बघितले.
चारही बुचांच्या रबरात जांभ्याची लाल माती,
पुढचं डावं झिजून पार कागद झालेलं.
म्हणजे म्हातारा सगळा भार डावीकडं टाकायचा,
राखायचा तो उजवा पाय.

केसपेपर काढला.
माझ्याच अक्षरात, दोनदा अधोरेखित :
डावा.